वाचक विचारतात : रम, पाणी आणि कोकणातला उकाडा

रमबद्दल विचारा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. पत्रं आली ती बहुतेक किनाऱ्यावरूनच, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार बाटलीबद्दल होती. वाचून पाहिलं तर दोष बाटलीचा क्वचितच, बाकी सगळा पाण्याचा, बर्फाचा आणि मे महिन्याचा. निवडक पत्रं थोडी छाटून दिली आहेत. मोठा पेग म्हणजे ६० मिली आणि छोटा ३०, हे धरून वाचा.

मुंबईहून आलेल्या चुलत भावाने चांगली महागाची, लाकडी पिंपात मुरलेली रम आणली. “ही नीटच (म्हणजे काही न मिसळता) प्यायची, पाणी घातलंस तर बघ,” असा दम दिला. पडवीत बसून प्यायलो. नाकात नुसती झणझण, जिभेला चटका, आणि चव म्हणाल तर खोकल्याच्या औषधाची. आमचीच जीभ गावठी का? — एक वाचक, मालवण

जीभ बरोबर आहे, पडवी चुकली. अशी रम साधारण १८ ते २२ अंशांना बोलकी होते. मालवणात मे महिन्यात संध्याकाळी सातलाही पडवीत ३२-३३ अंश असू शकतात. २० अंशांच्या मानाने ३३ अंशांना अल्कोहोलची वाफ जवळजवळ दुप्पट उठते. ग्लास नाकाशी नेला की आधी ती वाफच घुसते आणि नाक बधिर होतं. मागून येणारे गुळाचे, लाकडाचे, फळाचे वास मग कळत नाहीत.

तेव्हा आधी बाटली जरा थंड करा, पण बर्फगार नव्हे. बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ घालून बाटली मानेपर्यंत ८-१० मिनिटं बुडवून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायची तर भरलेल्या बाटलीला पाऊण ते एक तास लागतो. फ्रीझरमध्ये मात्र घालू नका. ४२.८ टक्के अल्कोहोलची रम घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, गोठतो तो तिचा वास. १० अंशांच्या खाली गेली की गोडवा दबतो आणि लाकडाचा कडवटपणा तेवढा वर येतो.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. व्हाइट वाइनचा छोटा ग्लास उत्तम चालतो. सरळ उभ्या जाड ग्लासात वास टिकत नाही, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. ग्लासाला घरचा वास लागलेला नाही ना, हे आधी बघा. बांगड्याच्या ताटाला लावलेल्या घासणीनेच ग्लास घासला असेल, किंवा डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटात तो पालथा पडून असेल, तर पन्नास वर्षं मुरलेली रमसुद्धा त्यापुढे हरेल. रिकामा ग्लास हुंगा. काही वास आला तर गरम पाण्याने विसळा आणि सुलटा ठेवून वाळवा.

आता ओतणं. ३० मिली, त्याहून जास्त नाही. ओतून पाच मिनिटं तसाच ठेवा, फार गरगरवू नका. गरगरवलं की पुन्हा अल्कोहोलच उसळतं. ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हलका श्वास घ्या. तोंड बंद करून नाक ग्लासात खुपसलं की झणझण ठरलेली. मग हळूहळू वर आणा. काकवी, पिकलं केळं, जायफळ, भाजलेलं खोबरं यांपैकी काहीतरी हाताला लागेल. जमैकाच्या काही रमना तर पिकून फुटलेल्या बरक्या फणसासारखा वास येतो. तिथे मळी कित्येक दिवस आंबू देतात आणि त्यात फळांच्या वासाची एस्टर नावाची रसायनं तयार होतात. केळ्याच्या आणि फणसाच्या वासामागेही तीच असतात. कोकणातल्या माणसाला ही रम समजायला पुस्तक लागू नये.

पहिला घोट अर्ध्या चमच्याएवढा घ्या, तोंडात आठ-दहा सेकंद फिरवा आणि त्यावरून मत बनवू नका. तो तोंडाला सवय लावण्यापुरता. खरी चव दुसऱ्या घोटापासून कळते.

पाण्याबद्दल तुमच्या भावाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ३० मिली रममध्ये एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घातलं तर ती ४२.८ वरून ३६-३७ टक्क्यांवर येते. चटका कमी होतो आणि अडून बसलेले वास मोकळे होतात. दुसरा चमचा घातला की ३२ टक्के. चमच्याचमच्याने घाला आणि प्रत्येक वेळी हुंगा. कुठेतरी एका चमच्यानंतर ती पाणचट लागते. त्याच्या आधीचा चमचा हे तुमचं माप. ते रमगणिक बदलतं, आणि माणसागणिकही. नीट प्यायची म्हणजे नीटच प्यायची, एवढं भावाला सांगा. दोन्ही अर्थ त्याचे त्याने लावावेत.

आमच्या विहिरीचं पाणी घातलं की रम काळपट पडते, बिनदुधाच्या चहात लिंबाऐवजी शाई पिळल्यासारखी. दुकानदार म्हणतो बाटली अस्सल आहे. भेसळ असेल का? — एक वाचक, गुहागर

भेसळीची शक्यता कमी. दोष पाण्यातल्या लोहाचा दिसतो. जांभ्याच्या भागातल्या विहिरींना, आणि त्याहून जास्त बोअरवेलना, लोह असतं. लाकडी पिंपातून रममध्ये तुरट द्रव्यं उतरलेली असतात, तीच चहात, हिरड्यात, सुपारीत असतात. लोह आणि हे तुरट द्रव्य एकत्र आलं की काळं होतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई करत, ती याच गुणावर.

खात्री करायची तर एकाच बाटलीतले दोन पेग घ्या. एकात विहिरीचं पाणी घाला, दुसऱ्यात विकतचं. दुसरा जसाच्या तसा राहिला तर प्रश्न मिटला. शिवाय त्याच विहिरीच्या पाण्याचा कोरा चहा करून पाहा, तोही काळवंडेल.

उपाय सोपा आहे. पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, पातेलं झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबूस गाळ बसलेला दिसेल. वरचं पाणी न हलवता काढा आणि दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळा. आरओ असेल तर हे काहीच करायला नको. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्या पाण्यावर मात्र उकळण्याचा उपाय नाही. मीठ उकळून जात नाही. अशा पाण्यात रम चपटी, गुळमट लागते. तिथे विकतचं पाणी घ्यावं.

लेबलवर ४२.८ टक्के का? सरळ ४० किंवा ४५ का नाही? आणि तीन एक्स म्हणजे काय? — एक वाचक, चिपळूण

हा ब्रिटिश प्रूफचा वारसा. प्रूफ म्हणजे दारूची तीव्रता मोजायचं जुनं माप. त्यांच्या मोजणीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे ७५ टक्के काढले की ४२.८ येतात. म्हणून काही बाटल्यांवर अजून ७५ अंश प्रूफ किंवा २५ अंश अंडर प्रूफ असं छापलेलं दिसतं. आकडा तोच, भाषा वेगळी.

तीन एक्स ही कुठली सरकारी प्रतवारी नाही, रिवाजाने चालत आलेली खूण आहे. गडद रंगावरूनही काही ठरवू नका. बराचसा रंग जळक्या साखरेचा, म्हणजे कॅरमेलचा असतो. वयाचं म्हणाल तर बार्बाडोस-जमैकासारख्या ठिकाणी लेबलवरचा आकडा मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या रमचा असतो. काही लॅटिन अमेरिकन बाटल्यांवरचा मोठा आकडा हा मिश्रणातल्या सगळ्यात जुन्या थेंबाचा असू शकतो. २३ वाचून २३ वर्षं समजू नये.

आपल्याकडची बहुतेक रम उसाच्या मळीपासून होते. मार्टिनिक बेटावर मात्र ताज्या उसाच्या रसाची करतात. ती प्यायलात तर गवताचा, ओल्या चिपाडाचा वास येईल, आणि रसवंतीची आठवण होईल. गोडवा कमी असतो. मळीच्या रमची सवय झालेल्याला पहिल्यांदा ती बिघडलेली वाटते.

गोडव्याची एक घरगुती परीक्षा आहे. काचेच्या बशीत तीन थेंब टाका, पसरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बोट लावल्यावर चिकट लागलं तर बाटलीत साखर घातलेली आहे. साखर असणं वाईट नाही, पण ‘काय गोड मुरली आहे’ म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी ही बशी बघावी.

शिमग्याला आठ जण गच्चीवर बसणार आहोत. रम-कोला करायचा आहे. किती बाटल्या, किती बर्फ, किती कोला? दर वेळी शेवटचे पेग बेचव होतात. — एक वाचक, देवगड

७५० मिलीच्या बाटलीत साडेबारा मोठे पेग बसतात. आठ जणांना दोन-दोन पेग म्हणजे १६, म्हणजे ९६० मिली. एक बाटली आणि एक क्वार्टर म्हणजे ९३० मिली, तेवढंच धरा; अर्धा पेग कमी पडला तरी चालेल, दोन बाटल्या नकोत. दुसरी आणली की ती संपवली जाते, हे तुम्हालाही माहीत आहे.

एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं, म्हणजे एका मोठ्या पेगला दोन ते तीन तास. गाडी चालवणाऱ्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एका मोठ्या पेगातच ओलांडली जाऊ शकते. ज्याला रात्री वळणावळणाच्या रस्त्याने परत जायचं आहे त्याला कोकम सरबत द्या किंवा गच्चीवरच अंथरूण घाला.

बर्फ माणशी ३०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलो, शिवाय बाटल्या गार करायला वेगळा. पिण्याचा बर्फ बंदरावरून आणू नका. मासळीसाठीचा लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगवायचा असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, तो याचसाठी. निळा नाही म्हणून चांगला, असंही समजू नका. तो बर्फ बादलीत, बाटल्यांच्या भोवती. ग्लासातला बर्फ घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा, आदल्या रात्री मोठ्या साच्यात लावलेला. फ्रीझरमध्ये शेजारी सुरमई असेल तर साचा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बर्फ वास फार पटकन ओढतो.

आता बेचव होण्याचं कारण. कोला कोमट असतो, तो ओतला की बर्फ झपाट्याने वितळतो आणि गॅसही उडतो. वर कोणीतरी चमच्याने जोरात ढवळतं. कोला आधी फ्रीजमध्ये चार तास ठेवा. छोट्या बाटल्या आणा. दोन लिटरची बाटली चौथ्या पेगापर्यंत मेलेली असते. ग्लास काठोकाठ बर्फाने भरा (कमी बर्फ लवकर वितळतो, भरपूर बर्फ एकमेकाला धरून राहतो), तळाला साचलेलं पाणी ओतून टाका. ६० मिली रम, कागदी लिंबाची एक फोड पिळून तीच आत, मग १२० ते १५० मिली कोला ग्लास तिरका धरून कडेने सोडा. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. ढवळणं एवढंच.

लिंबू शोभेचं नाही. कोल्यात १०० मिलीला दहा ग्रॅमच्या वर साखर असते. तो गोडवा कापायला आंबट लागतंच. क्युबात या पेयाला क्युबा लिब्रे म्हणतात, आणि लिंबाशिवाय ते क्युबा लिब्रे होत नाही. आणि हो, महागाची मुरलेली रम कोल्यात घालू नका. कोला तिचा घोट घेईल, तुम्ही नाही.

कोकम सरबतात रम घालून पाहिली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, खारट काढा झाला होता. शहाळ्यातही घातली, ती बरी लागली पण तासाभराने गुलाबी झाली. सोलकढीत घालायचं धाडस केलं नाही. मापं सांगाल का? — एक वाचिका, वेंगुर्ला

सोलकढीचं धाडस केलं नाहीत ते बरं झालं. नारळाचं दूध अल्कोहोलने फुटू शकतं, मग वर तेलाचे डोळे आणि खाली चोथा. शिवाय लसूण-मिरची आणि रम यांचं जन्माचं वाकडं. सोलकढी भातावर घ्यावी, नंतर.

कोकमात तुम्ही आगळ घातलंत. आगळ म्हणजे मिठात उतरवलेला रस. सरबताचं ते अमृत कोकम, साखरेत मुरवलेलं. बाटल्या सारख्याच दिसतात, लेबल वाचायचं राहून जातं. अमृत कोकम असेल तर ते २५ मिली, सोनेरी किंवा गडद रम ४५ मिली. आधी हे दोन्ही ढवळा, कारण पाक जड असतो आणि तळाला बसतो. मग बर्फ, मग ९० मिली गार सोडा. सरबतात घालतो तसं जिरं इथे चिमटीभरच, त्याहून जास्त झालं तर रम गेली.

घरात आगळच असेल तर १ चहाचा चमचा आगळ आणि १५ मिली गुळाचा पाक घ्या, बाकी मापं तीच. मीठ वरून अजिबात नको. एवढ्याशा आगळातलं मीठ गोडाला उठाव देतं, दुसरा चमचा घातला की काढा. गुळाचा पाक असा करा : १०० ग्रॅम गडद गूळ, १०० मिली पाणी, मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत. उकळी फुटू देऊ नका, नाहीतर गार झाल्यावर घट्ट होतो. फडक्याने गाळा, गुळात रेती निघते. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. हा पाक आणि मळीची रम एकाच उसाची लेकरं, त्यामुळे साखरेच्या पाकापेक्षा छान मिसळतात.

शहाळ्याचं पाणी गुलाबी होतं ते हवा लागून, कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं तसं. त्याने अपाय नाही, पण तासाभरात चवही उतरते. शहाळं अख्खंच तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा, प्यायच्या वेळी फोडा. १२० मिली पाण्याला ४५ मिली पांढरी किंवा फिकट रम, चतुर्थांश लिंबू आणि बर्फ नाही. शहाळ्याची चव मुळातच नाजूक, बर्फाने ती धुऊन जाते. पातळ मलईचं शहाळं घ्या. जाड खोबरं धरलेल्या नारळाचं पाणी यात सपक लागतं.

लिंबावर भरवसा असेल तर एकदा डाइकिरी करा. हे नाव क्युबातल्या सांतियागो शहराजवळच्या गावाचं. ६० मिली पांढरी रम, २५ मिली गाळलेला लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फ घालून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा, बरणीला बाहेरून दव सुटलं की झालं. गाळून लहान ग्लासात. कागदी लिंबू आंबट जास्त असेल तर पाक ५ मिलीने वाढवा. लिंबू आधी कापून ठेवलेलं नको, कडवटतं.

हापूसच्या रसात रम घालायचा मोह मात्र आवरा. दोन्ही जड, दोन्ही गोड, आणि हापूसचा वास कुणाला जागा देत नाही. कैरीच्या पन्ह्यात घातलीत तर चालेल. वेलची वगळून.

गोव्यातून येताना पाहुणे बाटली आणतात. एकच असते, सीलही फोडलेलं असतं. चालतं ना? — एक वाचक, सावंतवाडी

नाही. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, एक बाटली असो वा पेटी, सील असो वा नसो. इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते आणि गाडीही जप्त होऊ शकते. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट २५, गोव्यात २१. पिण्याचा परवानाही लागतो. गोव्यात हल्ली माका झाय, सेग्रेदो आल्देया अशा तिथेच तयार होणाऱ्या रम मिळतात. त्या तिथेच बसून चाखाव्या. (माका झाय म्हणजे मला हवं. बारमध्ये नाव आणि ऑर्डर एकाच वेळी होते.)

काजूची फेणी आणि हुर्राक मात्र रम नव्हेत, ती बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या रसाची. त्यांचा वेगळा अंक करू.

थंडीत पोपटी लावतो. तिच्याबरोबर कुठली रम, कशी? आणि एरवी मासळीबरोबर काय जमतं? — एक वाचक, अलिबाग

पोपटी हा रमसाठी आमच्या मते किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला जोडीदार आहे. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, कोंबडी, आणि सगळ्याला धुराचा वास. लाकडात मुरलेल्या गडद रमला धूर ओळखीचा वाटतो. ६० मिली रम, तितकंच साधं गार पाणी, बर्फाचा एकच मोठा तुकडा. लिंबाची साल ग्लासावर पिळून टाका, रस नको. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्यावर थंडावा असतोच, त्यामुळे बाटली गार करायची गरज नाही. कोला इथे नकोच, भांबुर्ड्याचा वास तो मारून टाकतो.

मासळीत नियम एवढाच, की तेल आणि मीठ रमला चालतं, जहाल तिखट चालत नाही. तोंडात मिरचीची आग ओळखणारी जी यंत्रणा असते तिला अल्कोहोल जास्त हळवी करतं. मग तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) झणझणीत सुक्याबरोबर नुसती रम घेतली की दोन्हीही जळजळीत वाटतात आणि माणूस आग विझवायला भराभर पितो. रव्यातले कुरकुरीत बोंबील, तळलेली सुरमई यांना पांढरी रम, सोडा, लिंबू : ४५ मिलीला १२० मिली सोडा. तिखट रस्सा जेवणात येऊ दे, ग्लास बाजूला ठेवल्यावर.

जेवणानंतरची रम वेगळी. तेव्हा ३० मिली मुरलेली, चमचाभर पाणी घातलेली, आणि ताटलीत जत्रेतलं मालवणी खाजं. बेसनाची कुरकुरीत कांडी, वर आल्याचा गूळ. आधी तुकडा मोडून चावा, आल्याचा झटका बसू द्या, मग घोट घ्या. गुळाला गूळ भेटतो आणि आलं मधून निघून जातं. फणसपोळीही जमते, भाजके काजू तर कधीही. चॉकलेटचं कौतुक शहरात चालू दे.

पावसात भिजून आलं की घरात गरम पाण्यातून रम देतात, सर्दी पळते म्हणून. खरंच पळते? आणि करायची कशी? — एक वाचिका, दापोली

पळत नाही. रमने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीराची आतली उष्णता उलट बाहेर जाते. भिजून कुडकुडणाऱ्याला आधी कोरडे कपडे आणि चहा. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्यांच्यावर, झोपेच्या गोळ्यांवर आणि मेट्रोनिडॅझोल या जंतुसंसर्गावरच्या औषधावर रम घेऊ नये. पॅरासिटामॉलबरोबरही यकृतावर भार पडतो. लहान मुलांना चमचाभर चोळणं-पाजणं तर पूर्ण बंद.

आवड म्हणून करायची तर करा, जुलैच्या संध्याकाळी ती छानच लागते. १२० मिली पाणी, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, एक चमचा गूळ. दोन मिनिटं उकळा. आच बंद करून तीन-चार मिनिटं थांबा आणि मगच ४५ मिली गडद रम घाला. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. उकळत्या पाण्यात ओतलीत तर वाफेचा लोट नाकात जातो, खोकला येतो, आणि ग्लासातला रमचा वास बराचसा उडून जातो. शेवटी लिंबाच्या सालीची चकती. लवंगा दोनच, चार झाल्या की दातदुखीचं औषध.

भेट आलेली बाटली दोन वर्षं कपाटात आहे, पाव उरली आहे. बूच काढताना अर्धं आतच तुटलं आणि त्यावर बुरशीही होती. फेकून द्यावी का? — एक वाचक, हर्णै

फेकू नका. बुरशी बुचाच्या बाहेरच्या बाजूला असते, दमट हवेत ती धरतेच. एवढ्या अल्कोहोलमध्ये आत वाढत नाही. बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, तुटलेलं बूच आत ढकला आणि रम चहाच्या गाळणीत मलमलचा तुकडा ठेवून गाळा. बुचाचा भुगा तेवढा निघून जाईल.

चव मात्र उतरलेली असू शकते, ती बुरशीने नव्हे, हवेने. बाटली पाव उरली म्हणजे तीन भाग हवा. अशा बाटलीतला वास सहा महिन्यांत मंदावतो, भरलेल्या बाटलीत वर्षभरही फारसा फरक पडत नाही. अर्ध्याच्या खाली गेली की काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ ओतून ठेवा. क्वार्टरची स्वच्छ बाटली चालते. खोकल्याच्या औषधाची चालत नाही, वास जात नाही. प्लॅस्टिक आणि तांब्या-पितळेची भांडी नकोत.

बुचाची बाटली नेहमी उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली की रमचं अल्कोहोल बूच खाऊन टाकतं आणि ते तुमच्यासारखं हातात तुटून येतं. पत्र्याच्या झाकणाला किनाऱ्यावर गंज चढतो, तो प्रत्येक वेळी पुसा. झाकणाच्या आतली गोल चकती सैल झाली असेल तर झाकण बदला. जागा म्हणाल तर खिडकीपासून लांब, फ्रीजच्या मागच्या गरम भिंतीला न टेकलेली. आणि गाळल्यावर ही पाव बाटली नुसती प्यायला बरी वाटली नाही, तर गुळाचा पाक आणि लिंबू घालून डाइकिरीसारखी हलवा, किंवा पावसाळ्यापर्यंत लवंगेसाठी राखून ठेवा.